माहितीपर उताऱ्याची रचना मुलांनी नेमकी कशावरून ओळखावी?

प्रश्न : सातवीतील विद्यार्थ्याची आई, नाशिक रोड

नमस्कार. माझा मुलगा मराठी माध्यमात सातवीला आहे. गोष्ट किंवा प्रवासवर्णन दिले की तो मन लावून वाचतो आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरेही नीट देतो. धरण, पीक, पक्षी, एखादी चळवळ अशा विषयांवरचा माहितीपर उतारा समोर आला की मात्र तो अडखळतो. सुटे सुटे प्रत्येक वाक्य त्याला समजते, परंतु "या उताऱ्यात काय सांगितले आहे?" असे विचारले तर तो पहिलेच वाक्य पुन्हा वाचून दाखवतो.

सध्या त्याच्या शिकवणीत उताऱ्याची रचना ओळखण्याचा सराव चालू आहे. वर्णन, कालक्रम, तुलना, कार्यकारण आणि समस्या-उपाय असे पाच प्रकार आणि प्रत्येक प्रकाराचे सूचक शब्द त्याने पाठ केले आहेत. सरावातील एक उतारा येथे उतरवून देते.

"निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला. बंधाऱ्यामागे पाणी अडले आणि पुराबरोबर वाहून आलेला गाळ वर्षानुवर्षे तळाशी बसत गेला. जलाशय उथळ झाला, ठिकठिकाणी चिखलाची बेटे तयार झाली आणि पाणवनस्पती वाढल्या. पुढे अन्न आणि आसरा मिळू लागल्याने हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येथे उतरू लागले. २०२० मध्ये या पाणथळ जागेला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. हा दर्जा मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले."

मुलाने "कालक्रम" असे उत्तर लिहिले, कारण उताऱ्यात "वर्षानुवर्षे" आहे, "पुढे" आहे आणि सालही आहे. उत्तरसूचीत "कार्यकारण" असे दिले होते. त्याने मला विचारले, "आधी बंधारा, मग गाळ, मग पक्षी, हा क्रमच आहे ना?" त्याचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, आणि तरीही उत्तरसूची का वेगळी आहे हे मला त्याला सांगता आले नाही. सूचक शब्दांवर भरवसा ठेवायचा नसेल तर मुलांनी कशावर ठेवायचा? आणि ही रचना ओळखता आल्याने त्याच्या वाचनात खरोखर काही फरक पडतो का, की हा केवळ परीक्षेपुरता प्रकार आहे?

उत्तर : मराठी विषयाची शिक्षिका, पंचवटी

ताई, तुमच्या मुलाने विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. त्याच्या शंकेचे उत्तर नीट मिळाले तर पाच प्रकारांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा त्याचा कितीतरी अधिक उपयोग होईल.

कारण नेहमी आधी घडते आणि परिणाम नंतर घडतो. त्यामुळे कार्यकारणाच्या प्रत्येक उताऱ्यात क्रम असतोच, आणि वरवर पाहणाऱ्याला तो कालक्रमच वाटतो. याच्या उलट मात्र खरे नसते. एकामागून एक घडलेल्या सगळ्याच गोष्टी एकमेकींमुळे घडलेल्या नसतात. म्हणून मुलांना एक साधी कसोटी द्यावी. दोन वाक्यांच्या मध्ये आधी "त्यानंतर" घालून वाचावे आणि मग त्याच जागी "त्यामुळे" घालून वाचावे. "बंधाऱ्यामागे पाणी अडले. त्यामुळे गाळ तळाशी बसत गेला. त्यामुळे जलाशय उथळ झाला. त्यामुळे पाणवनस्पती वाढल्या. त्यामुळे पक्षी येऊ लागले." येथे "त्यामुळे" एकदाही खटकत नाही. आता दुसरी दोन वाक्ये घ्या : "२००३ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा भरला. २०१५ मध्ये पुन्हा सिंहस्थ कुंभमेळा भरला." यांच्या मध्ये "त्यानंतर" बसते, परंतु "त्यामुळे" घातले तर वाक्य निरर्थक होते, कारण पहिला कुंभमेळा हे दुसऱ्याचे कारण नाही. जेथे दोन्ही शब्द बसतात तेथे लेखक बहुधा कार्यकारण सांगत असतो, आणि जेथे केवळ "त्यानंतर" बसते तेथे कालक्रम असतो.

तुमच्या उताऱ्यातील शेवटची दोन वाक्ये मुद्दाम पाहा. रामसर दर्जाची बातमी तेथे साल देऊन सांगितली आहे, आणि त्या सालानेच मुलाला कालक्रमाकडे ओढले असावे. ती दोन वाक्ये झाकून उरलेला उतारा वाचायला सांगा. उताऱ्याचा गाभा तसाच्या तसा राहतो. मधले गाळाचे वाक्य झाकले तर मात्र पक्षी का आले हे कळेनासे होते. उताऱ्याचा भार कोणत्या वाक्यावर आहे हे असे एकेक वाक्य झाकून पाहिले की कळते, आणि जेथे भार असतो तेथेच रचना शोधायची असते.

सूचक शब्द टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे पहिला अंदाज बांधता येतो. परंतु मराठीत यांतील बरेच शब्द एकापेक्षा जास्त कामे करतात, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. तक्त्यात "म्हणून" हा शब्द कार्यकारणाखाली असतो. "नाशिक द्राक्षांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो" या वाक्यात कोणतेही कारण नाही. "तर" हा शब्द "जर"च्या जोडीने अट सांगतो, आणि "एक नदी पूर्वेला वाहते, तर दुसरी पश्चिमेला" येथे तोच शब्द तुलना दाखवतो. तुमच्या उताऱ्यातील "पुढे" कालदर्शक आहे, परंतु "बंधाऱ्याच्या पुढे नदीचे पात्र रुंद होते" असे वाक्य असते तर तोच शब्द स्थलदर्शक ठरला असता. शिवाय मराठीत कारण पुष्कळदा स्वतंत्र शब्दाने सांगितलेच जात नाही. "मिळू लागल्याने" यातील "-ल्याने" किंवा "गाळामुळे" यातील "-मुळे" असे शब्दाला जोडून येणारे भागच ते काम करतात आणि तक्त्यातील शब्द शोधणाऱ्या मुलाच्या नजरेतून ते सहज निसटतात. तुमच्या उताऱ्यातील सर्वांत ठळक खूण तो "-ल्याने"च होता.

माझ्या मते मुलांनी प्रकाराच्या नावापासून सुरुवात करू नये. उतारा वाचून झाल्यावर पुस्तक बाजूला ठेवावे आणि "हा उतारा कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर देतो?" असे स्वतःला विचारावे. तुमचा उतारा "नांदूरमध्यमेश्वरला पक्षी का येऊ लागले?" या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न "का?" असा निघाला की रचना कार्यकारणाची असते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. "कसे कसे घडत गेले?", "कसे आहे?", "दोहोंत फरक काय?", "अडचण कोणती होती आणि ती कशी दूर केली?" हे उरलेले प्रश्न आहेत. तो मनातल्या मनात प्रश्न तयार करू लागला की पहिले वाक्य पुन्हा वाचून दाखवण्याची त्याची सवयही सुटेल, कारण पहिले वाक्य हे "पक्षी का आले?" याचे उत्तर होऊच शकत नाही.

हा केवळ परीक्षेपुरता प्रकार आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तसे नाही. बॉनी मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. वाचलेला मजकूर आठवून लिहिताना ज्या मुलांनी मूळ लेखकाचीच मांडणी वापरली, त्यांना त्यातील मजकूर अधिक आठवला असे त्यात दिसून आले. गाळ, बेटे, वनस्पती, पक्षी या सुट्या गोष्टी म्हणून लक्षात ठेवणे अवघड असते. एकीतून दुसरी निघते हे लक्षात आले की पहिली आठवताच पुढच्या आपोआप आठवतात.

उत्तर : निवृत्त प्राथमिक शिक्षक, सिन्नर

वरील बाईंच्या कसोटीला मी एक जोड देतो. कालक्रमाच्या उताऱ्यातही दोन जाती असतात आणि मराठी क्रियापदावरून त्या लगेच ओळखू येतात. एकदाच घडून गेलेला इतिहास भूतकाळात येतो : "बांधला", "सुरू झाला", "मिळाला". दरवर्षी किंवा पुन्हा पुन्हा होणारी प्रक्रिया वर्तमानकाळात येते. आपल्याकडच्या द्राक्षबागेवरचा उतारा घ्या. "एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी केली जाते. त्यानंतर नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांमध्ये पुढच्या फळाची तयारी होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी केली जाते आणि त्यानंतर घड बाहेर पडतात." येथे एकही साल नाही, तरीही क्रम इतका पक्का आहे की दोन छाटण्यांची अदलाबदल केली तर सगळा अर्थच बिघडतो.

वर्गात मी वाक्यपट्ट्या वापरत असे. उताऱ्यातील प्रत्येक वाक्य वेगळ्या पट्टीवर लिहून त्या पट्ट्या जमिनीवर विस्कटून टाकायच्या आणि मुलांना त्या लावायला सांगायचे. छाटणीच्या पट्ट्या सगळ्या गटांकडून एकाच क्रमाने लागत. येवल्याच्या पैठणीच्या पट्ट्या मात्र प्रत्येक गट वेगळ्या क्रमाने लावी. एक गट पदरावरच्या मोरापासून सुरुवात करी, दुसरा नारळी काठापासून आणि तिसरा ही साडी रेशीम आणि जरीचे धागे वापरून विणतात या वाक्यापासून, आणि तिन्ही उतारे वाचायला ठीकच लागत. वाक्ये इकडची तिकडे केली तरी ज्याचे फारसे बिघडत नाही ते वर्णन, हे मुलांना मग तोंडाने सांगावे लागत नसे. घरी जुन्या वहीचे कागद कापून हे सहज करता येईल.

उत्तर : भूगोलाचे शिक्षक, पिंपळगाव बसवंत

आतापर्यंत कालक्रम आणि कार्यकारण यांवर बरेच लिहिले गेले आहे. तुलना आणि समस्या-उपाय या दोन रचनांमध्ये मुले कोठे घसरतात ते मी लिहितो, आणि त्यासाठी आमच्या भागातील कांदाच घेतो, कारण आमच्या वर्गातील बहुतेक मुलांना त्याची माहिती पुस्तकापेक्षा जास्त असते.

"खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो. तो फार दिवस टिकत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला तो काढल्यानंतर लवकर विकावा लागतो. रब्बीचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तो नीट सुकवला तर काही महिने टिकतो आणि चाळीत साठवून ठेवता येतो."

यात "याउलट" नाही आणि "पेक्षा" नाही. "त्यामुळे" मात्र आहे. तक्ता पाठ केलेली मुले म्हणूनच याला कार्यकारण म्हणतात, आणि काही मुले दोन वेगवेगळी वर्णने म्हणतात. प्रत्यक्षात ही तुलना आहे. लेखकाने आधी एका कांद्याबद्दल सगळे सांगितले आणि मग त्याच मुद्द्यांवर, त्याच क्रमाने, दुसऱ्याबद्दल सांगितले : केव्हा निघतो, किती टिकतो, पुढे त्याचे काय करतात. मुद्दे जुळत असतील तर ती तुलना असते, मग तुलनेचा एकही शब्द नसला तरी चालते. मी मुलांना दोन रकान्यांचा तक्ता काढायला सांगतो. दोन्ही रकाने समोरासमोर भरले तर तुलना आहे असे समजावे, आणि एक रकाना भरून दुसरा रिकामा राहू लागला तर आपला अंदाज बदलावा. कृतिपत्रिकेत ओघतक्ता किंवा आकृतिबंध पूर्ण करायला दिलेला असतो, तेव्हा त्या आकृतीचा आकारच उताऱ्याची रचना सांगून टाकतो. मुलांनी चौकटी भरण्याआधी त्या आकाराकडे जरा पाहावे असे मला फार वाटते, कारण बाण दिलेले असणे आणि दोन रकाने दिलेले असणे यांत मोठा फरक आहे.

आता हीच माहिती वेगळ्या रीतीने मांडू. "उन्हाळ कांदा एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर बाजारात आला की भाव पडतो. तो जमिनीवर ढीग करून ठेवला तर खालचा कांदा दमटपणाने सडतो. यासाठी शेतकरी जमिनीपासून उंचावर, खालून आणि बाजूंनी हवा खेळेल अशी कांदाचाळ बांधतात. चाळीतही काही कांदा सडतो, काहीला कोंब फुटतात आणि वजनही घटते, परंतु शेतकऱ्याला विक्रीसाठी थांबण्याची सवड मिळते." हे समस्या-उपायाचे उदाहरण आहे. यात कार्यकारण नाही का? आहे, भाव का पडतो आणि कांदा का सडतो हे त्यात सांगितलेच आहे. समस्या-उपायाच्या उताऱ्याच्या पोटात कारणे असतातच. फरक असा की येथे कोणीतरी ती स्थिती बदलण्यासाठी जाणूनबुजून काही केले आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या उताऱ्यात बंधारा पाणी अडवण्यासाठी बांधला होता. पक्षी यावेत म्हणून तो कोणी बांधला नव्हता. तेथे परिणाम आहे, उपाय नाही. "हे कोणी ठरवून केले का, आणि कशासाठी?" एवढा प्रश्न विचारला की या दोन रचना वेगळ्या काढता येतात.

तुमच्या मुलाला एक काम जरूर द्या. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांची माहिती देऊन त्याच्याकडून एकदा तुलनेचा आणि एकदा समस्या-उपायाचा उतारा लिहून घ्या. माहिती तीच असताना काय आधी घ्यायचे, काय गाळायचे आणि कोणते वाक्य कोणत्या वाक्याला जोडायचे हे त्याला स्वतःला ठरवावे लागेल. रचना ही विषयाची नसते, ती लेखकाने निवडलेली असते, ही गोष्ट वाचून जितकी उमगते त्यापेक्षा लिहून अधिक उमगते असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्त्या आईचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. "त्यामुळे"ची कसोटी त्याने लगेच करून पाहिली आणि ती त्याला पटली. त्याने नंतर स्वतःहून इतिहासाच्या वहीतील दोन वाक्ये माझ्यापुढे ठेवली. "२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिक येथे काळाराम मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी हिंदू धर्माचा त्याग करण्याची घोषणा केली." येथे "त्यानंतर" तर बसतेच. "त्यामुळे" बसते की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. त्याच्या मते बसते, आणि मला वाटते की या दोन वाक्यांत तसे कोठेही म्हटलेले नाही. अशा वेळी काय लिहावे?

उत्तर : मराठी विषयाची शिक्षिका, पंचवटी

तुम्हा दोघांचेही म्हणणे अंशतः बरोबर आहे आणि म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. मंदिरप्रवेशाला झालेला दीर्घ विरोध आणि पुढची येवल्याची घोषणा यांचा संबंध आहे हे इतिहास वाचलेल्या कोणालाही ठाऊक असते. तुमच्या मुलालाही तो ठाऊक असणार, आणि म्हणूनच त्याला "त्यामुळे" सहज बसले. परंतु रचना ओळखताना आपल्याला काय ठाऊक आहे हे पाहायचे नसते. या लेखकाने या उताऱ्यात काय जोडून दाखवले आहे तेवढेच पाहायचे असते. वहीतील दोन वाक्यांत केवळ दोन दिनांक आहेत आणि दोन घटना आहेत, तेव्हा ती कालक्रमाची नोंद आहे. त्याच दोन वाक्यांच्या मध्ये "अनेक वर्षे सत्याग्रह करूनही मंदिराचे दार उघडले नाही, आणि या अनुभवाने समतेची आशा मावळत गेली" असे एक वाक्य आले असते तर उतारा कार्यकारणाचा झाला असता. त्याला हे मधले वाक्य त्याच्या शब्दांत लिहायला सांगा आणि तिन्ही वाक्ये एकत्र वाचून दाखवायला सांगा.

परीक्षेत असा उतारा आला तर त्याने कालक्रम असेच उत्तर लिहावे. वर्गात मात्र त्याने हात वर करून त्या दोन घटनांमधील संबंध बाईंना किंवा सरांना जरूर विचारावा. आणि मोठे उतारे वाचताना एक गोष्ट त्याला आधीच सांगून ठेवा : तीन-चार परिच्छेदांच्या उताऱ्यात प्रत्येक परिच्छेदाची रचना वेगळी असू शकते. पहिला परिच्छेद वर्णनाचा, दुसरा कालक्रमाचा आणि पुढचे दोन समस्या-उपायाचे असे असले तर संपूर्ण उताऱ्याचे उत्तर परिच्छेद मोजून ठरवू नये. शीर्षक आणि शेवटचा परिच्छेद एकत्र वाचावा आणि बाकीचे परिच्छेद कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आणले आहेत ते पाहावे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एका ओळीत त्याचा प्रश्न लिहिण्याची सवय लावली तर सातवीच्या मुलाला हे निश्चित जमते.